आधी पडायला शिकवा

अमेरिकेत २०१६ पासून चालणाऱ्या ‘लर्न टू स्केट यूएसए’ या कार्यक्रमात सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी एक वेगळा गट आहे, ‘स्नोप्लाउ सॅम’. त्याच्या पहिल्या टप्प्यात मुलाकडून काय अपेक्षित आहे हे पाहिलं, तर बर्फाची ओळख नसलेल्या पालकांना नवल वाटेल. पहिली गोष्ट बर्फावरची नाहीच. पायात स्केट्स घालून साध्या जमिनीवर बसायचं आणि आपलं आपण उठायचं. मग हेच बर्फावर करायचं. त्यानंतर जागच्या जागी पाय उचलायचे, कवायतीसारखी आठ-दहा पावलं पुढे टाकायची, शेवटी दोन्ही पायांवर थोडंसं घसरायचं. वेग, गिरक्या, उड्या यांचा पत्ताच नाही. शिकवणाऱ्यांच्या अनुभवातून हा क्रम पक्का झाला आहे आणि त्यामागे एक ठाम समज आहे: पहिल्या काही महिन्यांत मूल बर्फावर जे खरं कमावतं ते पडणं आणि पडून उठणं. हे त्याला न घाबरता जमलं की बाकीचं शिकण्याची वाट मोकळी होते. जमलं नाही तर कितीही महागडी शिकवणी घेतली तरी ते कठड्याला चिकटून राहतं. म्हणून पालकांनी आपली सगळी तयारी, मग ती खरेदीची असो, घरच्या सरावाची किंवा क्लासच्या दिवशीच्या वागण्याची, एकाच प्रश्नावर तपासावी. यामुळे माझ्या मुलाला पडणं आणि उठणं सोपं होणार आहे की अवघड?

टोरांटो, मिसिसागा, शिकागो, मिनीआपोलिस अशा शहरांत राहणाऱ्या मराठी घरांना हा प्रश्न जास्त जवळचा आहे. तिथे शाळेतली बरीच मुलं हिवाळ्यात रिंकवर जातात, शाळेची सहलही कधी तिथेच निघते, आणि आई-बाबा मात्र आयुष्यात कधी बर्फावर उभे राहिलेले नसतात. अशा वेळी दोन प्रकारची घाई होते. एक म्हणजे आपल्याला काहीच कळत नाही असं समजून सगळं प्रशिक्षकावर सोडणं. दुसरी म्हणजे काळजीपोटी मुलाला पडूच न देण्याची व्यवस्था करणं. दोन्ही टाळता येतात, कारण पालकांच्या वाट्याची जी तयारी आहे तिला स्वतः स्केटिंग येण्याची गरज नाही. बर्फ कसा वागतो एवढं समजून घ्यायची मात्र गरज आहे.

चालताना आपण पायाने जमीन मागे रेटतो आणि घर्षणामुळे पुढे जातो. बर्फावर पोलादी पात्याला मागच्या दिशेने जवळजवळ पकडच मिळत नाही. बर्फ इतका निसरडा का, याचं एक उत्तर अनेक पुस्तकांत दिलेलं असतं: पात्याच्या दाबाने बर्फ वितळतो. हिशेब मांडला तर ते अपुरं पडतं. वीस किलोच्या मुलाचा भार तीन-चार मिलिमीटर रुंद पात्याच्या टेकलेल्या भागावर पडला, तरी बर्फाचा द्रवणांक अंशाच्या जेमतेम दहाव्या भागाने खाली येईल. रिंकचा बर्फ मात्र शून्याखाली काही अंश थंड ठेवलेला असतो. बर्फाच्या पृष्ठभागावर मुळातच पाण्यासारखा अतिशय पातळ थर असतो, ही कल्पना १८५० च्या सुमारास मायकेल फॅरडे यांनी मांडली होती. पुढच्या संशोधनाने तिला बळ दिलं. घसरताना घर्षणाने निर्माण होणारी उष्णता त्यात भर घालते. आता पातं पाहा. त्याच्या तळाला लांबीभर उथळ खाच असते आणि त्यामुळे आतली व बाहेरची अशा दोन धारदार कडा तयार होतात. लांबीच्या दिशेने या कडा सहज घसरतात, आडव्या दिशेने मात्र बर्फात रुततात. म्हणून बर्फावर पुढे जायचं तर पाय मागे नव्हे, बाजूला रेटावा लागतो. टाचा जवळ, चवडे बाहेर आणि गुडघे वाकलेले. मुलाने दोन-तीन वर्षं खपून कमावलेली चालण्याची सवय इथे उलटते. त्यात भीती वाटली की मूल ताठ होतं, वजन टाचांवर जातं, पातं पुढे निसटतं आणि ते पाठीवर पडतं. फिगर स्केटच्या पात्याला पुढे दाते असतात. त्यांवर जोर देऊन चालायला गेलं तर तोंडघशी पडतं. थोडक्यात, नवं मूल पडणार हे बर्फाच्या स्वभावातच आहे. प्रश्न उरतो तो कसं पडायचं एवढाच.

पडण्याची पद्धत ठरलेली आहे आणि ती शिकवता येते. तोल जातोय असं वाटलं की आधी गुडघे वाकवून खाली जायचं, म्हणजे पडण्याची उंचीच कमी होते. मग एका कुशीवर, मांडीच्या आणि नितंबाच्या मांसल बाजूने टेकायचं. हनुवटी छातीकडे, म्हणजे डोकं मागे आपटत नाही. हात मागे टेकवायचे नाहीत, मनगटं तिथेच मोडतात. आणि खाली आल्यावर मुठी मिटून हात अंगाजवळ घ्यायचे, कारण शेजारून जाणाऱ्याचं पातं बोटांवरून जाऊ शकतं. उठतानाही क्रम आहे: आधी रांगायच्या अवस्थेत यायचं, एक पाय उचलून पातं दोन्ही हातांच्या मध्ये टेकवायचं, मग दुसरं, आणि हात गुडघ्यावर दाबून सावकाश उभं राहायचं. चांगले प्रशिक्षक पहिल्याच तासाला मुलांना मुद्दाम पाडतात. सगळ्यांनी एकदम पडायचं, सगळ्यांनी एकदम उठायचं, असा खेळ होतो. मुलाने स्वतः ठरवून घेतलेलं पडणं भीतीचं राहत नाही.

पडण्यातून शिकणं हे लहान मुलांच्या शरीराला नवीन नाही. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ कॅरन अडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२ ते १९ महिन्यांची मुलं मोकळेपणाने खेळताना काय करतात हे मोजलं. तासाला सरासरी २,३६८ पावलं, आणि १७ वेळा पडणं. एवढ्या पडझडीतून जगातलं जवळजवळ प्रत्येक मूल चालायला शिकतं. यावर कुणी म्हणेल की वर्षाच्या बाळाची आणि चार वर्षांच्या मुलाची तुलना बरोबर नाही. बाळाला भीती कळत नाही, चार वर्षांच्या मुलाला कळते, शिवाय ते इतरांसमोर पडायला लाजतंही. हा आक्षेप खरा आहे, आणि पालकांचं काम सुरू होतं ते इथूनच. चार वर्षांचं मूल पडल्यावर आधी मोठ्यांचा चेहरा पाहतं. तिथे घबराट दिसली तर पडणं म्हणजे संकट, आणि शांतपणा दिसला तर ती क्लासमधली नेहमीची गोष्ट, असा अर्थ ते लावतं. त्यामुळे क्लासला जाण्याच्या आठवडाभर आधी घरात सांगून ठेवावं, की तिथे सगळे पडतात, तूही पडशील, आणि कसं पडायचं ते आपण आजच करून बघू. ‘तू मुळीच पडणार नाहीस, मी आहे ना’ हे प्रेमाचं आश्वासन असलं तरी पहिल्या मिनिटाला खोटं ठरतं, आणि त्यानंतरच्या आपल्या शब्दांवर मूल कमी विश्वास ठेवतं.

सगळ्यात गंभीर आक्षेप डोक्याचा आहे, आणि तो हलक्याने घेऊ नये. अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांतल्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २००६ मध्ये ‘पीडिॲट्रिक्स’ या नियतकालिकात आला. बर्फावर स्केटिंग करताना जखमी झालेल्या मुलांमध्ये डोक्याच्या दुखापतींचं प्रमाण चाकांच्या स्केटिंगमधल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे जास्त आढळलं. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि जड असतं, बर्फ काँक्रीटइतकाच कठीण असतो आणि पाठीवर पडण्याचा धोका सुरुवातीलाच सर्वाधिक असतो. म्हणजे पडायला शिकवायचं असेल तर हेल्मेट त्याच धड्याचा भाग आहे. ‘स्केट कॅनडा’ या राष्ट्रीय संघटनेने २०११ पासून आपल्या ‘कॅनस्केट’ कार्यक्रमात नवशिक्यांना कॅनडाच्या मानकाचं हॉकी हेल्मेट सक्तीचं केलं, ते यासाठीच. सायकलचं हेल्मेट चालेल का, असं बरेच पालक विचारतात. काहीच नसण्यापेक्षा ते बरं, पण ते प्रामुख्याने एका मोठ्या आघातासाठी बनवलेलं असतं. हॉकीचं हेल्मेट वारंवार पडणं गृहीत धरतं आणि डोक्याचा मागचा भाग अधिक झाकतं. ते घट्ट बसलं पाहिजे. मुलाने मान जोरात हलवली तरी ते सरकता कामा नये, पुढची कड भुवयांच्या थोडी वर आणि हनुवटीचा पट्टा लावलेला. आजीने विणलेली जाड कानटोपी आत घातली की हे माप बिघडतं. हवीच असेल तर अगदी पातळ टोपी घालावी. लांब केसांचा उंच अंबाडा किंवा पोनीही हेल्मेटखाली मावत नाही, मानेजवळ सैल वेणी बरी. आणि हेल्मेट मेंदूला बसणारा प्रत्येक हादरा थांबवत नाही. डोकं आपटल्यानंतर मूल गुंगल्यासारखं वाटलं, उलटी झाली, डोकं दुखतं म्हणालं, तर त्या दिवशीचं स्केटिंग तिथेच थांबवून डॉक्टरांकडे न्यावं.

आता पायांकडे. पालकांच्या हातून सर्वांत जास्त चुका इथे होतात, आणि त्या चांगल्या हेतूने होतात. मूल वाढतंय म्हणून एक-दोन मापं मोठे स्केट्स घेणं ही त्यातली पहिली. बुटात पाय हलतो तेव्हा घोटा आत कलतो, पातं उभं राहत नाही, आणि आपण म्हणतो की मुलाचे घोटे कमजोर आहेत. बहुतेक वेळा कमजोर असतो तो बूट. स्केटचं माप नेहमीच्या बुटापेक्षा थोडं लहान येणं सामान्य आहे. पायाची बोटं पुढे हलकीच स्पर्श करावीत, टाच मागे वर उचलली जाऊ नये. दुसरी चूक मोज्यांची. थंडी म्हणून लोकरीचे दोन-दोन जोड घातले की पाय आवळला जातो, रक्तप्रवाह कमी होतो आणि पाय उलट जास्त गार पडतो. पातळ, घोट्याच्या वरपर्यंत येणारा एकच जोड पुरतो. नाडी बोटांजवळ थोडी सैल, पावलाच्या वळणापाशी आणि घोट्याशी घट्ट, आणि अगदी वर पुन्हा गुडघा वाकेल एवढी मोकळी. तिसरी गोष्ट धार. नव्या स्केट्सना दुकानातून येताना बऱ्याचदा वापरण्याजोगी धार नसते. ती लावून घ्यावी लागते. भाड्याचे स्केट्स बोथट असतील तर ते बदलून मागायला संकोच करू नये. बोथट पात्याला कडाच नसतात, आणि कडा नसतील तर मूल कितीही धडपडलं तरी त्याला बाजूला रेटताच येणार नाही. पहिल्या मोसमात नवे स्केट्स विकत घेण्याची गरज नाही. नीट बसणारे भाड्याचे किंवा वापरलेले चालतात. वाचलेले पैसे हेल्मेटवर खर्च करावेत. कपड्यांच्या बाबतीत एवढंच: ओल न शिरणारी पँट, सुके हातमोजे खिशात आणखी एक जोड म्हणून, आणि लोंबता मफलर मुळीच नको, कारण तो पात्याखाली येतो.

बऱ्याच रिंकवर लहान मुलांसाठी ढकलायच्या चौकटी किंवा प्लास्टिकचे प्राणी मिळतात. मूल त्याला धरून सुरक्षित फिरतं, हसतं, मग त्यात वावगं काय, असा प्रश्न रास्त आहे. घरातले सगळे रविवारी तासभर मजा करायला गेले असतील तर काहीच वावगं नाही, आणि ज्या मुलांना हालचालीची अडचण आहे त्यांच्यासाठी ही साधनं फार मोलाची आहेत. शिकण्याच्या दृष्टीने मात्र ती आड येतात. चौकट धरलेलं मूल पुढे ओणवं होतं, वजन हातांवर टाकतं, पाय मागे फरफटतात आणि गुडघे वाकवायचं कारणच उरत नाही. चौकट सुटली की त्याला सगळं पहिल्यापासून शिकावं लागतं, शिवाय आता भीती जास्त. कॅनडाने २००४ मध्ये बाळांच्या चाकाच्या वॉकरची विक्री बंद केली, ती मुख्यतः जिन्यावरून पडून होणाऱ्या दुखापतींमुळे. पण वॉकरमुळे चालणं लवकर येत नाही, हेही बालरोगतज्ज्ञ कित्येक वर्षं सांगत आले आहेत. बर्फावरच्या चौकटीबद्दल तेवढं संशोधन दाखवता येणार नाही. तरी शरीराचं कारण तेच आहे: तोल सांभाळण्याचं काम दुसऱ्याने केलं तर शरीर ते शिकत नाही. आई-बाबांनी दोन्ही हात धरून पुढून ओढणं हाही चौकटीचाच प्रकार. सोबत जायचंच असेल तर बाजूने एक हात हलका धरावा. आणि मुलाला कडेवर घेऊन बर्फावर कधीच जाऊ नये. मोठं माणूस पडलं की त्याचं सगळं वजन मुलावर येतं.

घरच्या सरावाला फार काही लागत नाही, आणि मराठी घरांत तर त्याचा मोठा साठा आहे. उकिडवं बसून हात न टेकता उठणं ही बर्फावर गुडघे वाकवून खाली जाण्याचीच पूर्वतयारी आहे. खुर्चीवरच वाढलेल्या मुलांना ते जड जातं, रोज पाच-सात वेळा केलं की जमतं. लंगडीने एका पायावरचा तोल येतो, आणि स्केटिंगमध्ये शेवटी सगळं एका पायावरच येतं. बसफुगडीत मांड्यांना जो व्यायाम होतो तोच इथे कामाला येतो. त्यानंतर स्केट्स घालून, पात्यांवर संरक्षक कव्हर चढवून, गालिच्यावर दहा-पंधरा मिनिटं चालायचं, कुशीवर पडायचं, रांगत येऊन उठायचं. हे तीन-चार दिवस केलेलं मूल पहिल्या तासाला बुटाच्या वजनाने गोंधळत नाही. एकदा आधी रिंक दाखवून आणणंही उपयोगाचं. तिथली थंडी, घुमणारे आवाज, बर्फ गुळगुळीत करणारं ते अजस्र झॅम्बोनी यंत्र, हे सगळं आधी पाहिलेलं असलं की त्या दिवशी नवीन एकच गोष्ट उरते. यंत्र फिरून गेल्यावर काही मिनिटं बर्फ ओला आणि जास्त निसरडा असतो, हेही मुलाला सांगून ठेवावं.

तीन-चार वर्षं हे वय फार लवकरचं नाही का? संघटित खेळांसाठी बहुतेक मुलं सहाव्या वर्षाच्या आसपास तयार होतात, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. सूचना ऐकून पाळणं, आपल्या पाळीची वाट पाहणं, हार-जीत समजणं यासाठी तेवढा वेळ लागतोच. लवकर सुरुवात केली की मूल पुढे विजेता होतं, अशी आशा ठेवून तिसऱ्या वर्षी नाव घालणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. पण स्नोप्लाउ सॅमसारखे गट खेळांच्या स्पर्धेसाठी नसतातच. अर्धा तास, पाच-सहा मुलं, बर्फावर ठेवलेली खेळणी गोळा करणं, एवढाच तो मामला. आणि पडण्याच्या बाबतीत लहान मुलाची एक जमेची बाजू आहे: मीटरभर उंचीच्या शरीराला खाली यायला अंतरच थोडं. माझ्या मते वयापेक्षा दोन खुणा पाहाव्यात. मूल अनोळखी माणसाची साधी सूचना ऐकतं का, आणि अर्धा तास आई-बाबांपासून दहा-बारा पावलं दूर राहू शकतं का. दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर वर्षभर थांबल्याने काहीही बिघडत नाही.

पहिल्या दिवशी बरीच मुलं रडतात. ते रडणं बर्फाचं कमी आणि दूर जाण्याचं जास्त असतं. म्हणून वीस-पंचवीस मिनिटं आधी पोचावं, कपड्यांचे थर आणि नाड्या चढण्यापूर्वी शौचालयाला नेऊन आणावं, आणि मग मुलाला प्रशिक्षकाकडे सोपवून काचेच्या मागे बसावं. काचेवर टकटक करून खुणा करू नयेत. मुलाने मान वळवून आपल्याकडे पाहिलं की खांदे वळतात, वजन एका बाजूला जातं आणि ते पडतं. शिवाय दोन माणसं दोन गोष्टी सांगू लागली की ते कोणाचंच ऐकत नाही. घरी जाताना ‘किती वेळा पडलास?’ असं विचारण्यापेक्षा ‘आज स्वतः उठलास ना, कसा उठलास ते दाखव’ असं म्हणावं. शेजारचं मूल पुढच्या टप्प्यात गेलं आणि आपलं तिथेच राहिलं तर तो अपमान समजू नये. एकच टप्पा दोन-तीनदा करणं या वयात नेहमीचं आहे. आठवड्यातून एकदाच्या अर्ध्या तासाला सार्वजनिक वेळेतल्या एखाद्या फेरीची जोड दिली तर फरक लवकर दिसतो.

महाराष्ट्रातल्या वाचकांच्या मुलांचं स्केटिंग चाकांवरचं असतं. संध्याकाळी सोसायटीच्या आवारात किंवा शाळेच्या मैदानावर चालणारे हे वर्ग पुण्या-मुंबईतच नव्हे, लहान शहरांतही आहेत. तिथेही क्रम हाच असायला हवा, पण पडण्याची रीत बदलते. काँक्रीटवर घसरता येत नाही, कातडी सोलते. म्हणून गुडघे, कोपर आणि मनगट यांची संरक्षक पट्टी बांधून पुढच्या बाजूला, आधी गुडघ्यांवर पडायला शिकवतात. मनगटाचं कवच अनेक पालक अनावश्यक समजून घेत नाहीत. १९९६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासात इनलाइन स्केटिंग करणाऱ्यांपैकी ते न घालणाऱ्यांना मनगटाच्या दुखापतीचा धोका सुमारे दहापट आढळला होता. आपल्याकडे अडचण आणखी एक आहे. महिना-दोन महिन्यांत मुलाला शर्यतीत उतरवायची किंवा विक्रमाच्या कार्यक्रमात नाव लावायची ओढ असते. ज्या मुलाला अजून थांबता येत नाही, त्याला वेगाने पळवणं मला धोक्याचं वाटतं. क्लास निवडताना पालकांनी पदकांची भिंत पाहू नये. नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात काय शिकवता, एवढं विचारावं.

बर्फावर असो की चाकांवर, मूल थांबायला शिकलं, म्हणजे बर्फावर दोन्ही टाचा बाहेर रेटून बर्फ खरवडत स्वतःला अडवू लागलं, की पालकांना हायसं वाटतं आणि हेल्मेट काढायचा विचार मनात येतो. तो तेव्हा करू नये. पहिल्या महिन्यात मूल जागच्या जागी, हळू पडत होतं. आता ते वेगात, मागे सरकताना, वळताना पडणार आहे. कॅनस्केटमध्ये एकूण सहा टप्पे आहेत आणि हेल्मेटची सक्ती पाचवा टप्पा पूर्ण होईपर्यंत आहे.